बारकीचा होकार

त्या घरात कुठलीही गोष्ट एकदा बोलून भागत नसे. "खिडकी लाव," असं बाबांनी म्हटलं की बारकी आधी "खिडकी लावते" म्हणायची आणि मग उठायची. आईनं "गॅस बारीक करा" म्हटलं की बाबा "गॅस बारीक करतो" असं बोलून मगच शेगडीकडे वळायचे. नव्या पाहुण्याला वाटायचं, या लोकांच्या कानांना दडे बसलेत की काय. बारकीचा मामा तर म्हणायचा, "तुमच्याकडे एक तास बसलं की दोन तास बसल्याचा शीण येतो." मामाच्या विनोदाला कुणी हसलं नाही की तो स्वतः हसायचा, आणि बहुतेक वेळा ते काम त्यालाच करावं लागायचं.

बारकी हे तिचं घरातलं नाव. आता ती बाबांच्या डोक्यावरून पलीकडचं बघू शकत होती, तरी नाव काही वाढलं नव्हतं.

ही सवय बाबांच्या कामातून घरात शिरली होती. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. त्या कामाला दोन माणसं लागतात. एक खाली, लिफ्टच्या दाराशी नाहीतर थेट तिच्या टपावर, आणि दुसरा गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत. दोघांना एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. मधे नुसता अंधार, ग्रीसचा वास आणि दोर. म्हणून खालचा "वर" म्हणाला की वरच्यानं मोठ्यानं "वर" म्हणायचं आणि मगच मशीनला हात लावायचा. परत म्हटल्याशिवाय बोटसुद्धा हलवायचं नाही. उलटा नियम फक्त एका शब्दाला. "थांब" ऐकलं की आधी हात थांबला पाहिजे, तोंड नंतर.

बारकी चौथीत होती तेव्हा बाबांच्या जोडीदारानं एकदा घाईघाईत मनातल्या मनात परत म्हटलं आणि बटण दाबलं. बाबा टपावर होते. डाव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून वाकत नाहीत. हॉस्पिटलात त्या हाताला एवढं मोठं बँडेज होतं की बारकीला आत हात आहे की नाही हेच कळेना. ती पलंगाच्या कडेला उभी होती. बाबा तिला म्हणाले, "तू इंजिनियर व्हायचं. टपावर नाही चढायचं. टेबलाशी बसायचं." बारकीनं बँडेजकडे पाहिलं. तिला रडू आलं. ती म्हणाली, "इंजिनियर व्हायचं." बाबांनी समाधानानं डोळे मिटले.

झालं. शब्द दिला गेला. भीतीपोटी दिलेला शब्द फार टिकाऊ निघतो, कारण तो परत मागायला जी हिंमत लागते ती त्याच भीतीनं खाऊन टाकलेली असते. बाबा घरी आले ते ही परत म्हणायची शिस्त घेऊनच आले, आणि आईनंही मुकाट्यानं ती पाळली. नवरा धड परत आला होता, तो म्हणाला असता तर तिनं प्रत्येक वाक्य चारदा म्हटलं असतं.

पुढं वर्कशॉपमध्ये, शेजारीपाजारी, न्हाव्याच्या खुर्चीवर, जिथं म्हणून विषय निघेल तिथं बाबा सांगायचे, "आमची बारकी इंजिनियर होणार. मी काही बोललेलो नाही हं, ती स्वतःच म्हणते." हे 'स्वतःच म्हणते' ऐकलं की बारकी तिथून काढता पाय घ्यायची. पण बाबांना खोटं कसं पाडणार? म्हटलं तर होतंच की तिनं!

सुट्टीत ती बाबांबरोबर इमारतींमध्ये जायची. बाबा दोरावरून फडकं फिरवत बसायचे. दोरातली एखादी तार तुटली असली की फडकं तिथं अडकतं. बाबांची मान कायम वर असायची. बारकी मात्र जिन्यात बसून माणसं बघायची. एका इमारतीत दोनपैकी एक लिफ्ट बरेच दिवस बंद होती. बारकीच्या लक्षात आलं की चौथ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे म्हातारे येईनासे झाले. तळमजल्यावर चष्म्याचं दुकान होतं, तिथं लिफ्टची वाट बघून कंटाळलेले लोक उगाच फ्रेमी लावून बघायला लागले, आणि त्यातले काही खरंच विकत घेऊन बाहेर पडले. दुसऱ्या मजल्यावरची टायपिस्ट गर्दी टाळायला लवकर येऊ लागली, म्हणून तिच्या साहेबालाही लवकर यावं लागलं, आणि तो बिचारा दिवसभर जांभया देऊ लागला. कुणी कुणाला हुकूम दिला नव्हता. तरी एका बंद लिफ्टनं सगळी इमारत हलवून ठेवली होती. बारकीला हे सगळं इतकं आवडलं की लिफ्ट दुरुस्त झाली त्या दिवशी तिला चक्क वाईट वाटलं.

या असल्या गोष्टींचा एक आख्खा विषय असतो आणि त्याला अर्थशास्त्र म्हणतात हे तिला कॉलेजात जायच्या वयात कळलं. मग लोक चोरून सिगारेट ओढतात तशी ती चोरून अर्थशास्त्राची पुस्तकं वाचू लागली. मामाला एकदा सहज विचारलं तर तो म्हणाला, "अर्थशास्त्र शिकून काय होतं? आपण बेकार का आहोत ते माणसाला नीट समजावून सांगता येतं." आणि हसला, एकटाच.

निकाल लागला. इंजिनियरिंगच्या कॉलेजात तिचं नाव लागलं. बाबांनी आख्ख्या वर्कशॉपला चहा पाजला. त्याच्या आधीच अर्थशास्त्राच्या कॉलेजातही नाव लागलं होतं, ते फक्त आईला माहीत होतं.

"सांग बाबांना," आई म्हणाली.

"सांगते बाबांना," बारकी म्हणाली, आणि सांगितलं नाही.

आईनं काही दिवस वाट पाहिली. "अगं, दोन डगरींवर पाय ठेवून किती दिवस उभी राहशील? मीच बोलू का?"

"नको, नको. मी बोलते."

आता कुणी म्हणेल, बाप मारकुटा असेल. छे! बाबांनी तिला आयुष्यात चापट मारलेली नव्हती. तसे असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. बाबा रागावले की नुसते गप्प व्हायचे आणि आपली ती दोन बोटं दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून बसायचे. ते दृश्य बारकीला बघवत नसे. शिवाय तिला आणखी एक भीती होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. आपल्याला इंजिनियरिंग खरंच नको आहे की त्या बँडेजची धास्ती अजून गेलेली नाही? अर्थशास्त्र आवडतं म्हणून हवं आहे, की मशीनपासून लांब पळायला ते बरं पडतं? गणित तिला येत होतं, दोन्हीकडे ते चाललं असतं. एकीकडे नोकरीची खात्री होती, दुसरीकडे मामाचा विनोद होता. ती मनाला विचारायला जायची आणि मन तिलाच प्रश्न परत म्हणून दाखवायचं. जेवण जाईना. आरशात बघितलं की आपलं तोंड आपल्यालाच चोरासारखं दिसायचं.

असं करता करता दोन्हीकडचा प्रवेश पक्का करायचा शेवटचा दिवस उजाडला. बाबांनी रजा घेतली होती. त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, बूट पुसले. बारकी त्यांच्याकडे बघत होती. आज कॉलेजच्या खिडकीशी बाबा शेजारी उभे राहणार आणि आपण पुन्हा तेच म्हणणार, आणि या वेळी ते कायमचं होणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

दोघं दाराबाहेर पडली एवढ्यात बाबांचा फोन वाजला. पलीकडच्या रस्त्यावरच्या इमारतीत लिफ्ट अडकली होती, आत माणूस होता आणि त्याला दम लागत होता. बाबांचा आत्ताचा जोडीदार शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. बाबांनी फोन ठेवला, इस्त्रीच्या बाह्या वर सारल्या आणि बारकीकडे पाहिलं.

"येशील?"

"येते."

इमारतीच्या वॉचमननं त्यांना पाहताच "या, या, बरं झालं" म्हणत कपाळाचा घाम पुसला. त्याला वर मशीनच्या खोलीत पाठवता आलं असतं. पण बाबांनी काहीही सांगितलं की तो "हो हो" म्हणत होता, आणि "हो हो" म्हणणाऱ्या माणसाच्या हातात बाबांनी मशीनचं चाक मेले तरी दिलं नसतं. बारकीला ते सुट्ट्यांमध्ये हे काम शिकवत आले होते. बाहेरच्या माणसाला हात लावू द्यायचा नाही हा नियम त्यांना तोंडपाठ होता, आणि तो मोडताना त्यांचा चेहरा उतरला होता. पण आत माणसाला श्वास पुरत नव्हता.

आतला माणूस वकील होता. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे अडकून तो दार बडवत होता. "मी सोडणार नाही एकेकाला! कोर्टात खेचीन!"

"वकीलसाहेब," बाबा चौथ्या मजल्याच्या दाराशी वाकून म्हणाले, "आधी मी तुम्हाला बाहेर खेचतो, मग तुम्ही मला कोर्टात खेचा."

बारकी गच्चीवर गेली. मशीनची खोली तापलेली होती. तिनं मेन स्विच बंद केला. एका हातात ब्रेकची दांडी धरायची, दुसऱ्या हातानं चाक फिरवायचं, की लिफ्ट तसूतसूनं वर सरकते. जमिनीला भोकं होती, त्यातून दोर खाली अंधारात जात होते आणि त्या अंधारातूनच बाबांचा आवाज यायचा होता. तिला तहान लागली. आपल्या हातात या क्षणी दोन माणसं आहेत आणि त्यातले एक आपले बाबा आहेत, हा विचार डोक्यात आला आणि जाईचना.

"ब्रेक सोड!"

"ब्रेक सोडते!"

"वर!"

"वर!"

चाक फिरू लागलं. बाबांचा आवाज येत होता, तिचा जात होता. "वर!" "वर!" हळूहळू तिची भीती थोडी मागं सरली. हे तिला येत होतं. चौथीपासून ती हेच तर करत आली होती. बाबा म्हणायचे, ती म्हणायची. तिचं लक्ष उडालं. कॉलेजची खिडकी, बाबांचा इस्त्रीचा शर्ट, काय म्हणायचं, कसं म्हणायचं...

"थांब!"

"थांब!" बारकी खणखणीत आवाजात म्हणाली. आणि चाक फिरवत राहिली.

खालून एक किंकाळी आली. मग तिचा हात थांबला, ब्रेक बसला, आणि काहीच ऐकू येईना. तिनं भोकाशी कान नेला. बाबांचा हात, एवढंच तिला सुचत होतं. बाबांचा दुसरा हात.

"आला बाहेर," अंधारातून बाबांचा आवाज आला. "खाली ये."

ती कठड्याला धरधरून जिना उतरली. वकील चौथ्या मजल्यावर भिंतीला टेकून बसला होता. दार उघडलेलं दिसताच घाईनं बाहेर चढायला गेला होता, आणि पाय अजून लिफ्टच्या कडेशी असताना लिफ्ट वर सरकली होती. बुटाचं टोक मजल्याच्या कडेखाली चेपलं गेलं होतं. बाबांनी त्याला काखेत धरून ओढलं म्हणून पाय वाचला. फाटका बूट हातात घेऊन तो जिन्यानं खाली निघाला. कोर्टाचं नावसुद्धा त्यानं काढलं नाही.

बाबा जिन्याच्या पायरीवर बसले. त्यांनी दोन बोटं मुठीत धरली होती.

"मी काय म्हणालो होतो?"

"थांब."

"तू काय म्हणालीस?"

"थांब."

"आणि हात?"

बारकीनं आपल्या हातांकडे पाहिलं.

"तू ऐकलंच नव्हतंस," बाबा हळू आवाजात म्हणाले. "नुसतं म्हणालीस. त्याचा पाय गेला असता, बारके. थांब म्हटलं की आधी हात, मग तोंड."

"आधी हात, मग..." बारकी बोलली आणि तिनं जीभ चावली.

दोघंही एकमेकांकडे बघत राहिली. मग बारकीला रडू फुटलं.

"मी असंच म्हणते बाबा. सगळंच. कानावर पडलं की तोंडातून जातं. मी काय म्हणाले ते मला मागाहून कळतं. हॉस्पिटलातसुद्धा तसंच झालं होतं."

"हॉस्पिटलात काय?"

"इंजिनियर व्हायचं असं मी म्हणाले होते, ते. मला फक्त ऐकलं असं म्हणायचं होतं."

खाली वॉचमन कुणाला तरी हातवारे करून सगळा प्रकार सांगत होता.

"आणि मी जगाला सांगत सुटलो," बाबा म्हणाले. "ती स्वतःच म्हणते म्हणून."

"अर्थशास्त्राला पण लागलंय माझं नाव."

"कधी?"

"तुम्ही चहा पाजलात त्याच्या आधी."

"आईला माहीत आहे?"

"आहे."

हे बाबांना लागलं. ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "म्हणजे इंजिनियरिंग नको?"

"नको," बारकी म्हणाली, आणि आपल्याच आवाजाला दचकली. बाबा 'नको' म्हणाले म्हणून आपण 'नको' म्हणालो, की आपल्यालाच नको आहे? आपल्याच तोंडाचा तिला भरवसा वाटेना. बाबांच्याही ते लक्षात आलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग उतरला आणि तिथं भीती दिसू लागली. टपावर चढताना, दोरांना लोंबकळताना त्यांना तिनं अनेकदा पाहिलं होतं, पण घाबरलेले पाहिले नव्हते.

"तुम्ही सांगा बाबा," ती काकुळतीला आली. "तुम्हाला काय वाटतं ते सांगा. मी तसं करते. मनापासून करते."

बाबांनी तोंड उघडलं. काहीतरी ओठावर आलं होतं, ते तिला दिसलं. मग त्यांनी ते गिळलं.

"नाही सांगणार. मी सांगितलं की तू म्हणशील. तू म्हणालीस की मी खरं मानीन. एकदा मानलंय."

"मग मी काय करू?"

बाबा उठले, इस्त्रीच्या शर्टाला लागलेलं ग्रीस पुसायला गेले, ते आणखी पसरलं. पुढं ते एक अक्षर बोलले नाहीत. बस स्टॉपपर्यंतच्या रस्त्यात बारकीनं तीनदा विषय काढला, दोनदा विनवलं, एकदा चिडूनही पाहिलं. ते मान हलवायचे आणि चालत राहायचे. मशीनच्या खोलीत तिला वाटलेली भीती याच्यापुढं काहीच नव्हती. तिथं निदान खालून आवाज येत होता.

दोन्ही कॉलेजांच्या बस एकाच स्टॉपवरून सुटायच्या. एक टेकडीकडे इंजिनियरिंगला जायची, दुसरी बाजारातून अर्थशास्त्राच्या कॉलेजकडे. दोन्ही बस मागेपुढे येऊन उभ्या राहिल्या. बारकीनं सवयीनं बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. भुवई हलली असती, नजर जरा इकडे तिकडे झाली असती, तरी तिनं ते वाचलं असतं आणि तसंच केलं असतं. बाबांना हे कळलं. ते वळले आणि रस्त्याकडे पाठ करून, समोरच्या बंद दुकानाच्या शटरकडे तोंड करून उभे राहिले.

"बाबा!"

ते वळले नाहीत.

चुकलं तर आता बोट दाखवायला कुणी नव्हतं. आजवर ती बाबांच्या शब्दाला भीत आली होती, पण त्या शब्दाच्या आडोशाला उभं राहता येत होतं, आता तोही गेला होता. टेकडीच्या बसचा दरवाजा लागला आणि ती निघून गेली. बारकी जागची हलली नाही. मग बाजाराच्या बसच्या कंडक्टरनं "यायचंय का?" म्हणून दांडीवर हात आपटला. तिनं उत्तर दिलं नाही. ती चढली.

ती खिडकीशी बसली. बाबा पाठमोरे उभे होते. शर्टावर ग्रीसचा डाग पसरला होता आणि दोन्ही हात मागं घट्ट बांधलेले होते. आपली मुलगी कुठल्या बसमध्ये बसली ते त्यांना माहीत नव्हतं. हाक मारून सांगावं असं तिच्या मनात आलं, पण आता सांगितलं असतं तर ते वळले असते आणि तिला त्यांचा चेहरा दिसला असता.

बस सुटली. कोपऱ्यापर्यंत ती मान वळवून बघत होती. बाबा अजून शटरकडेच तोंड करून उभे होते.